बाराव्या खळग्यानंतरचे तीन सेकंद

यंत्र मी स्वतः जोडलं होतं. आराखडा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला, मोटारी जुन्या प्रिंटरच्या. काम एकच: प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या प्लेटच्या शहाण्णव खळग्यांत सारखा थेंब टाकणं. चार वाजता मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, ते बघणार होत्या. थेंब सारखे नसतील तर यंत्र अडगळीत, आणि त्याच्यासोबत माझी दोन वर्षं.

थेंब सारखे नव्हते. शेवटचा थेंब नळीच्या टोकालाच लोंबकळत राही; निघतो निघतो म्हणत दारात तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.

"लाजतंय ते," काका म्हणाले. काका आमचे तंत्रज्ञ. एकतीस वर्षं हेच काम हाताने करतात. त्यांचा थेंब कधी चुकला नाही, आणि हे सांगायलाही ते कधी चुकले नाहीत.

"काका, तुम्ही नेमकं काय करता?"

"काय करतो? टाकतो."

"पण कसं?"

"अगं, हाताने!"

शेवटी त्यांच्या डोक्यावर मोबाईल टांगून मी चित्रीकरण केलं. प्रत्येक थेंबाला टोक खळग्याच्या भिंतीला हलकेच टेकत होतं, आणि बारा खळग्यांची ओळ संपली की हात तीन सेकंद स्तब्ध. दोन्ही गोष्टी मी प्रोग्राममध्ये जशाच्या तशा उतरवल्या.

चार वाजता यंत्राने प्लेट बिनचूक भरली.

"हे तीन सेकंद कशाला?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही. काका थांबतात."

"कारण माहीत नसेल तर काढ."

काढले. दुसऱ्या ओळीपासून थेंब पुन्हा चुकू लागले. तीन सेकंद परत घातले, तर सगळं सुरळीत.

मॅडम खाली वाकून टोकाकडे बघत राहिल्या. "आतल्या बाजूला चिकटलेला द्रव खाली उतरायला वेळ मिळतो. काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

काकांनी चष्मा पुसला. "शिकवलं कुठे? खिडकीतून माझी स्कूटर दिसते. कुणी हलवली नाही ना, एवढं बघतो."

मॅडमना हसू आवरेना. "यंत्र ठेव. पण कारण खरं लिही हं."

मी प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. त्यातल्या तीन सेकंदांच्या सूचनेपुढे द्रवाचं कारण लिहिलं, आणि त्याखाली: "मूळ पद्धतीत या वेळात स्कूटर बघतात."

आठवड्याने कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेतून निरोप आला: "यंत्र उत्तम चालतं. आमच्याकडे स्कूटर नाही. सायकल चालेल का?"

मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला.

"चालेल," ते म्हणाले. "पण कुलूप लावू नका म्हणावं. मग कोण बघतंय!"