खुडूक कोंबडीचा पहारा

"आजपासून या घरात कुणीही आजारी पडणार नाही!" लोहारानं उंबऱ्यात उभं राहून जाहीर केलं आणि पाठोपाठ अशी शिंक दिली, की छपरावरचं मांजर उडी टाकून शेजारी राहायला गेलं.

लोहारीण चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही. याच उंबऱ्यातून मागं एकदा तंबाखू बंद झाली होती. त्या घोषणेच्या वेळी तंबाखू गालातच होती.

"आता कुणी सांगितलं?"

"न्हाव्यानं. हिरवी ताजी पानं खाल्ली की अंगातली प्रतिकारशक्ती वाढते. पुदिना, तुळस, ओवा, कोथिंबीर. खुडायची आणि तोंडात टाकायची."

"मग मी रोज जेवणात काय घालते, कोळसा?"

"ते चिमूटभर गं. चिमटीनं कुठं शक्ती येते? मूठ पाहिजे, मूठ!"

घण पेलणाऱ्याची मूठ ती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परसात शिरला आणि मेंढी भादरावी तसा वाफा भादरून आला.

हा वाफा लोहारणीनं भर उन्हाळ्यात जगवला होता. विहीर तळाला गेली तेव्हा भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी तांब्यातांब्यानं घालून. कोपऱ्यात कुंपणाआड राखलेली कोथिंबिरीची ओळ तिनं खुडलीच नव्हती, फुलावर येऊ दिली होती. साठवणीतल्या धण्यांना कीड लागलेली. पुढच्या पेरणीचं बी काय ते त्या ओळीतच होतं.

लोहार एवढ्यावर थांबता तर बरं. पण भट्टीवर येईल त्याला तो सांगत सुटला. न्हाव्याचं ज्ञान आणि बायकोचा पुदिना, वाटायला याचं काय जात होतं?

"काकू, दोनच पानं हं," म्हणत आलेली सुताराची सून ओटी भरून गेली. तिची सासू 'राहिलेली दोन' न्यायला आली. आठवड्याभरात तुळशीच्या काड्या उरल्या आणि पुदिन्याला टक्कल पडलं.

"अहो, झाडालाही जीव असतो," लोहारीण कावून म्हणाली. "जरा दम धरा, नवी पालवी फुटू दे. आणि त्या कोथिंबिरीला बोट लावायचं नाही. बी धरतेय ती."

"माणसांपेक्षा बिया जास्त झाल्या तुला!"

"बी गेलं तर पुढच्या साली माणसांच्या ताटात काय वाढू? न्हाव्याचं भाषण?"

पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी तो कोपऱ्याकडं बघत मिशी कुरवाळताना दिसला, तशी ती उठली. खुडूक कोंबडी अंड्यांच्या पाटीसकट उचलली आणि कुंपणातून कोपऱ्याकडं जायला जी एकच फट होती, तिच्यात नेऊन बसवली.

लालबुंद लोखंड हसत धरणारा हा गडी त्या कोंबडीला मात्र टरकून होता. मागच्या खेपेला तिनं त्याच्या नडगीचा तुकडाच काढला होता. तो फटीपर्यंत गेला, कोंबडीनं पिसं फुलवली, तो आभाळाकडं बघत परत आला.

"काय झालं?"

"काही नाही. ढग बघत होतो."

पुढचे चार दिवस उरलासुरला ओवा चघळत, 'पानांनीच पोट भरतं' म्हणून त्यानं जेवण निम्म्यावर आणलं. भट्टीवरून घामेजलेला उठायचा आणि तसाच उघड्यावर आडवा व्हायचा. प्रतिकारशक्ती आहे म्हटल्यावर पांघरूण कशाला? पाचव्या दिवशी नाक वाहायला लागलं, अंग तापलं, आवाज फुटक्या भात्यासारखा झाला. पानं नेलेल्यांपैकी कुणी डोकावलं नाही. सुताराकडं तर सासूसुनेची खोकण्याची जुगलबंदी चालली होती.

लोहारणीनं त्याला गरम पेज पाजली, घोंगडीत गुंडाळलं आणि ती खिडकीशी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली. बाहेर कोपऱ्यात कोथिंबिरीची पांढरी फुलं गळून हिरवे धणे धरले होते. फटीत कोंबडी डोळे मिटून बसली होती.

घोंगडी हलली. आतून लाल नाक बाहेर आलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलं.

"अगं, ऐकतेस का?"

"बोला."

"ती कोंबडी... तेवढी जरा बाजूला घेतेस का?"