उतारावरचं बोलणं

“चढावर बोलायचं नाय, गोजरा. दम राखायचा. काय सांगायचं तं उतारावर सांग.”

गोजराबाईंचे यजमान असं म्हणत आणि पुढे चालू लागत. शिवा म्हात्र्यांनी तीस वर्षं वाशीच्या एपीएमसी बाजारात द्राक्षं विकली, पण द्राक्षाची बाग म्हणून पाहिली नव्हती. शेवटी त्यांनी दिंडोरीकडची सहल ठरवली. चार दिवस टेकड्याटेकड्यांनी पायी हिंडायचं, दोन्ही अंगांना मळे, रात्री वाटेतल्या गावात मुक्काम. सरावाला रोज संध्याकाळी दोघं शिरवण्याहून निघून नेरूळचा उड्डाणपूल चढत-उतरत. तोच त्यांचा डोंगर.

दिवाळी सरली आणि शिवा गेले.

दहाव्याला पिंडाजवळ कावळा फिरकेना. विपुल म्हणाला, “बाबा, गाळा मी बघेन.” कावळा भिंतीवरच. सून सुचिता म्हणाली, “आईंना आम्ही जपू.” तेव्हाच गोजराबाईंनी हात जोडून ओठातल्या ओठात म्हटलं, “तुमचे डोंगर मी चालून येईन.” कावळा खाली उतरला. सुनेचं बोलणं पोचलं, असं सगळ्यांना वाटलं. गोजराबाईंनी वाटू दिलं.

त्यानंतर त्या पुलावर एकट्याच जात. चढ मुकाट चढत. उतारावर दिवसभराचं ओठांशी येई आणि ऐकायला कोणी नसे.

माघ लागला. विपुलने फोन हातात घेतला. “आई, सहलवाल्यांना सांगतो, दोन्ही सीटा कॅन्सल.”

“एकच कर.”

“एकटी जाशील? वाशीच्या पलीकडं कधी एकटी गेलीस काय गो?”

“आणि तिथं वाइन चाखवतात, आई,” सुचिता हसली. “तुमची एकादशी जाईल बाराच्या भावात!”

“त्यांनी ओतली म्हनून मी प्यायलाच पायजे काय?”

“पन बाबा नाय, तं तिथं हाय कोन?” विपुल म्हणाला.

गोजराबाई वाती वळत राहिल्या. पिंडासमोरचं बोलणं स्वयंपाकघरात कसं बोलायचं?

निघायच्या दिवशी त्यांनी पहाटे दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. चार दिवसांच्या वाती डबीत भरल्या, दिवा लावायचा नेम तिकडेही मोडायचा नव्हता. “स्टेशनपर्यंत सोडतो,” विपुल म्हणाला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, पिशवी खांद्याला लावली आणि त्याच पुलावरून निघाल्या.

चढावर त्या बोलल्या नाहीत. उतार लागला, तरी बोलल्या नाहीत. तीन महिन्यांचं साठलेलं त्यांनी तिकडच्या उतारांसाठी राखून ठेवलं होतं.