डाव्या पायाचा गोल

सिंकमधल्या ताटलीवरून चमचा घसरला आणि टणकन वाजला. ती खुर्चीतच गोठली. आतल्या खोलीत भिंगरीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा बारीक घोरायला लागली. पोर पाच वर्षांची, पण घोरणं थेट आजोबांकडून उचललेलं.

दुपारची झोप म्हणजे हातात फार तर पाऊण तास. त्यातली वीस मिनिटं दादाच्या फोनने खाल्ली होती. समोर लॅपटॉपवर बॅनर अर्धा होऊन पडला होता, आणि छापखान्याचे मालक चारच्या आत फाईल पाठव म्हणून दोनदा बजावून बसले होते. त्यांची कामं ती घरूनच करायची. दुकानांच्या पाट्या, शाळेची हॅंडबिलं, वाढदिवसांचे बॅनर. पोर झोपली की काम, पोर उठली की काम गुंडाळलं. तीन वर्षं असंच चाललं होतं.

हे काम मात्र वेगळं होतं. एकाच आठवड्यात दोघं गेले. सोमवारी डावरा गेला. खरं नाव त्याचं दुसरंच होतं, पण वस्तीत कुणी ते घेत नसे. फुटबॉलमधला अकरा नंबर, आणि डावा पाय असा, की समोरचा गोलकीपर आधीच देवाचं नाव घ्यायला लागायचा. गुरुवारी टीव्हीवरच्या सासूबाई गेल्या. पंधरा वर्षं त्यांनी पडद्यावर तीन सुनांना छळलं, वस्तीतल्या बायकांनी त्यांना रोज रात्री शिव्यांची लाखोली वाहिली, आणि त्या गेल्याची बातमी आली तेव्हा त्याच बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

दोघांच्याही चाहत्यांनी आठवणींच्या सभेसाठी शाळेचा हॉल मागितला, आणि दोघांनाही रविवार सकाळचे अकराच हवे होते. डावऱ्याच्या लोकांचे पुढारी सलूनवाले काका, सासूबाईंच्या बाजूने शिवणवाल्या मावशी. हेडमास्तरांच्या खोलीत दोघांची चांगलीच जुंपली म्हणे. शेवटी हेडमास्तर म्हणाले, माणसं मेल्यावर तरी एकत्र बसा. म्हणून सभा एक, आणि बॅनरही एकच.

आणि त्या सभेत बोलणार होते तिचे बाबा. आख्ख्या वस्तीत डावऱ्याचा तो गाजलेला गोल मैदानात बसून, अगदी जाळीच्या मागून पाहिलेला एवढा एकच माणूस.

दादाचा फोन त्याचसाठी होता. गेल्या मंगळवारी बाबा सकाळी साडेसहाला डबा घेऊन बस डेपोच्या फाटकावर जाऊन उभे राहिले होते. डेपोतली मेकॅनिकची नोकरी सुटून त्यांना आठ वर्षं झाली होती. वॉचमन जुना, ओळखीचा, त्याने बाबांना चहा पाजला आणि दादाला कळवलं. तिने दादाला समजावून पाहिलं, की सवय असते माणसाला, पाय आपोआप वळतात. दादा म्हणाला, त्याआधी गॅसचं झालं, त्याआधी किल्लीचं झालं, किती दिवस पाय वळतायत म्हणणार आहेस? तो बाबांना आपल्याकडे न्यायचं म्हणत होता, इथल्या घराला कुलूप लावून. दादाचं शहर सहा तासांवर. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. तिथे बाबा पंधरा दिवसांत मिटून जातील, हे तिला डोळ्यासमोर दिसत होतं.

शेवटी तिनेच पैज लावल्यासारखं बोलून टाकलं. रविवारी ये, पहिल्या रांगेत बस आणि ऐक. बाबा नीट बोलले तर हा विषय बंद. अडखळले तर घेऊन जा, मी हूं की चूं करणार नाही.

फोन ठेवल्यापासून तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. डावऱ्याबद्दल तर बाबा झोपेतही बोलतील, असं ती मनाला सांगत होती. मन ऐकत नव्हतं.

तिने फोटो पुन्हा लावून पाहिले. दोन्ही फोटोंतली माणसं, चेंडू मारणारा डावरा आणि हसणाऱ्या सासूबाई, उजवीकडे बघत होती, आणि तिथेच सगळं अडलं होतं. छापखान्यात मालकांचा एक नियम होता: बॅनरवरची माणसं आत बघणारी हवीत. बाहेर बघणारा माणूस निघून चालल्यासारखा दिसतो, त्यातून शोकसभेला तर ते फारच वाईट. म्हणजे एकाला उलटवायलाच हवं होतं, आरशात दिसतो तसं. सासूबाईंना उलटवायची सोय नव्हती. शिवणवाल्या मावशींनी बोट नाचवत तंबी दिली होती, की बाईंचा तीळ डाव्या गालावर आहे, तो उजवीकडे गेला तर आम्ही बॅनर उतरवू. ती ते विसरली नव्हती. तिने सासूबाईंना डावीकडे ठेवलं, डावऱ्याला उजवीकडे, आणि एका क्लिकमध्ये त्याला फिरवलं. आता दोघं एकमेकांकडे बघत होते, जणू आधीपासून ओळख असावी. तिने छातीवरचा आकडा तपासला. इंग्रजी अकरा, दोन उभ्या काठ्या, कसाही फिरवा अकराच. आत पलंग करकरला. आई, मला पाणी, अशी हाक आली. तिने फाईल पाठवली आणि उठली.

रविवारी सकाळी नऊला ती भिंगरीला आणि बॅनरच्या गुंडाळीला काखोटीला मारून बाबांकडे पोचली. सगळ्यांच्या आधी त्यांनाच दाखवायचा होता. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. शर्टाची बटणं बरोबर लागली होती, हे तिने आत पाऊल टाकताच पाहून घेतलं आणि मग स्वतःचाच राग आला. ह्या घरात ती बाबांना भेटायला यायची, आता तपासायला यायला लागली होती.

पलंगावर बॅनर पसरला. कोपऱ्यांवर उशी, रेडिओ, पाण्याची बाटली ठेवली. बाबा चष्मा लावून वाकले आणि बघतच राहिले. डोळे भरून आले असतील म्हणून ती त्यांना तसंच सोडून चहा टाकायला गेली.

गॅसच्या बटणाशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली होती. बाबांचं अक्षर. ‘बंद केला का?’ डब्यांवरही चिठ्ठ्या होत्या, साखर, मीठ, चहा. फ्रीजवर तिचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत, आणि त्याखाली ‘मुलगी’. नुसतं मुलगी. दादा सभेनंतर जेवायला इकडेच येणार होता. तिने चिठ्ठ्या एकेक करून सोडवल्या, डिंकाचे डाग ओल्या फडक्याने पुसले आणि सगळ्या पर्समध्ये कोंबल्या. आपण हे का करतोय, असं मनात येण्याआधी चहा उतू गेला.

कप घेऊन ती बाहेर आली तर बाबा रंगात आले होते. भिंगरी त्यांच्या मांडीवर, आणि बाबांचा हात हवेत. एकोणनव्वदावं मिनिट. वारा समोरून. कोपऱ्यातून आलेला चेंडू दोघांच्या डोक्यांवरून सुटला आणि डावऱ्याने तो जमिनीला टेकूच दिला नाही. जाळी हलली तेव्हा आपल्या तोंडावर जाळीवरची धूळ उडाली, दोन दिवस तोंड धुतलं नव्हतं मी, असं बाबा सांगत होते. शंभरदा ऐकलेली गोष्ट. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ती कप हातात घेऊन दारातच उभी राहिली, आणि तिला वाटलं, जिंकलो आपण.

हॉल भरला होता. सलूनवाल्यांची माणसं एकीकडे, मावशींच्या बायका दुसरीकडे, मधे लग्नात असावी तशी मोकळी वाट. दादा पहिल्या रांगेत. त्याच्याशेजारी बाबा, हात गुडघ्यांवर ठेवून. दोन पोरांनी खुर्चीवर चढून बॅनर बांधला, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत सलूनवाले काका उठून उभे राहिले.

“अहो, हा तर उजव्यानं मारतोय.”

आधी कुणाला कळेना. मग कळलं, आणि हसण्याची एक लाट पुढून मागे गेली. मागे पोचेपर्यंत तिची कुरकुर झाली होती. कुणी म्हणालं, आयुष्यभर उजवा पाय फक्त उभं राहायला वापरला बिचाऱ्याने. कुणी म्हणालं, आता ह्याला काय उजवरा म्हणायचं? शिवणवाल्या मावशी मान उंचावून बॅनर न्याहाळत होत्या. आमच्या बाईंचा तीळ जागेवर आहे हं, एवढं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आख्खी वस्ती ज्या पायासाठी जमली, तोच पाय आपण बदलून टाकला. तिळाला जपलं आणि पाय विसरलो. पण लाजेचा चटका पुरता बसतोय न बसतोय, तोच दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. बाबा सकाळी बराच वेळ हा बॅनर बघत होते. चष्मा लावून. वाकून. सलूनवाल्यांना जे लांबून दिसलं ते त्यांना हातभर अंतरावरून दिसलं नाही.

तिने दादाकडे पाहिलं. दादा बॅनरकडे बघतच नव्हता. तो बाबांकडे बघत होता, आणि त्याने नुकतंच काहीतरी ठरवलंय असा त्याचा चेहरा होता. बॅनर घेऊन आधी बाबांकडे जाणार, हे त्याला तिनेच सांगितलं होतं.

बाबा सावकाश उठले. त्यांना अजून कुणी बोलावलंही नव्हतं. माईकपाशी जाऊन त्यांनी बॅनरकडे एकदा पाहिलं, मग लोकांकडे.

“मला सकाळीच दिसलं होतं,” बाबा म्हणाले. “पोरीनं लेकरू सांभाळून केलंय हे. तिला तोंडावर काय सांगायचं? आणि डावऱ्याला तुम्ही उलटा करा नाहीतर आडवा करा, गोल त्याचा डाव्यानंच व्हायचा.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. सलूनवाले काका हसत खाली बसले. मग बाबा दहा मिनिटं बोलले. एकोणनव्वदावं मिनिट, समोरचा वारा, जाळीवरची धूळ. मावशींच्या बाजूच्या बायकाही डोळे पुसायला लागल्या. शेवटी बाबांनी सासूबाईंचंही नाव घेतलं. आमच्या घरी ह्या बाईंचा फार धाक होता, असं म्हणाले, आणि बायका रडता रडता हसल्या. एकदाही अडखळले नाहीत. ती मात्र पूर्ण वेळ भिंगरीच्या फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. भिंगरीने दोनदा तिचा हात झटकला.

सभा सुटल्यावर दादा गर्दीतून वाट काढत आला. त्याचे डोळे लाल होते.

“हरलो मी,” तो म्हणाला. “राहू दे त्यांना इथंच. मी उगाच घाबरलो.”

तो गाडी दारात आणायला गेला. बाबांना चार-पाच जणांनी घेरलं होतं, हात मिळवायला. ती भिंगरीला घेऊन पायऱ्यांवर आली, तिच्या सुटलेल्या बुटाचा पट्टा लावायला खाली बसली. आता तरी हलकं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

“आई, मी आजोबांना मदत केली,” भिंगरी म्हणाली.

तिने कसली म्हणून विचारलं. पट्टा काही केल्या भोकात जात नव्हता.

“तू चहा करत होतीस ना, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, हा माणूस कोण गं? मी म्हटलं, आजोबा, हा डावरा. तरी त्यांना कळलं नाही. मग मीच थोडी गोष्ट सांगितली, ते एकोणनव्वदावं मिनिट. मग त्यांना सगळं आलं.”

तिने मान वर केली. फाटकाशी दादाने गाडी उभी केली होती. काच खाली करून तो भाचीला हाक मारत होता, ये ये, पुढं बस माझ्याजवळ, सकाळपासून आजोबांकडे काय काय गंमत केलीस ते सांग.

“आजोबा म्हणाले, हे आपलं दोघांचं गुपित,” भिंगरी म्हणाली. मग तिने गाडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला. “पण आई, मामा विचारतोय ना आता. त्याला सांगायचं की नाही?”