तीन, तीन आणि शेवटी एक

मित्रांनो, माझी मूठ जरा हळू फिरवा. मी एक जुनं, दमलेलं आकडेयंत्र आहे. भागाकार करकरून माझी हाडं खिळखिळी झाली आहेत.

कारखान्यात माझी दातेरी चाकं बसवली, तेव्हा एखाद्या दुकानात सुखानं बेरजा करायला मिळतील असं वाटलं होतं. नशिबी आले गणिताचे एक सर. त्यांना मूळ संख्यांचं वेड होतं, म्हणजे ज्यांना एक आणि त्या स्वतः यांखेरीज कुणीच पुरतं भागत नाही, त्या संख्यांचं. त्यातही एक रांग त्यांच्या डोक्यात बसली होती: ३१, ३३१, ३३३१... दर वेळी पुढे एक तीन जोडायचा. निघे ती मूळच! "ही रांग कधीच तुटणार नाही," असं सर साऱ्या महाविद्यालयाला सांगून बसले होते.

सर भाजक सांगत आणि त्यांची थोरली बहीण माझी मूठ फिरवी. बाकी उरली की पुढचा भाजक. सातवी संख्या पार पडली तेव्हा सरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेवढंच काय ते माझं कौतुक.

आठवीच्या वेळी ताई म्हणाली, "लहान भाजक आधी उरकू या ना."

"अगं ताई, त्या चिल्लर मंडळींनी सात वेळा हात टेकलेत. मोठ्यांपासून घे."

महिनोन् महिने मोठे भाजक चालले. माझे दाते झिजले, ताईचं मनगट सुजलं. मग कुठे लहानांची पाळी आली. सतरानं भागलं आणि माझ्या खिडकीत नुसती शून्यं उभी राहिली.

"बाळ्या, बाकी उरली नाही रे."

सरांचा चेहरा उतरला. "यंत्र बिघडलंय. नाहीतर तुझा हात चुकलाय!"

ताई माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उठली. त्यानंतर तिनं मुठीला हात लावला नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली. मित्रांनो, कष्टांचं काही वाटलं नाही, पण खोटं ठरवलं गेल्याचं फार लागलं.

पुष्कळ वर्षांनी सरांनी मला स्वतः खाली काढलं. ताईला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. सरांनी धूळ पुसली, तेल घातलं, तीच आठवी संख्या लावली आणि सतरानं भागलं. शून्यं. पुन्हा भागलं. पुन्हा शून्यंच.

"ताई, तुझा हात चुकला नव्हता गं," ते म्हणाले. शेजारची खुर्ची रिकामी होती.

मला तेल उशिरा मिळालं, तरी माझी मूठ फिरली. माणसांचं तसं नसतं. म्हणून थकल्या जिवाचं एवढंच मागणं आहे: ज्याचं बरोबर असेल, त्याला ते त्याच्या कानांनी ऐकू द्या.