झेंडूखालचा लाल दिवा

मित्रांनो, तुमच्या दप्तरात सहज मावेन एवढा मी एक जुना कंट्रोलर आहे. चिखलीतल्या एका शेडमध्ये, पत्रा दाबणाऱ्या प्रेसला लागून असलेल्या लोखंडी कपाटात माझं घर आहे. या कपाटाला इथे पॅनेल म्हणतात. प्रेस दिसायला हत्तीएवढी, पण तिला स्वतःची अक्कल नाही. केव्हा खाली यायचं आणि केव्हा थांबायचं हे तिला मी सांगतो. मला ते माणसांनी शिकवलेलं असतं. त्या शिकवणीला प्रोग्राम म्हणतात.

माझा जन्म दूरच्या कुठल्या देशात झाला, ते मला आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा पहिला चेहरा दिसला तो उद्धवरावांचा. धाराशिवकडून पोटापाण्यासाठी आलेला हा माणूस शेडमधला फिटर, इलेक्ट्रिशियन, सगळं काही होता. त्यांनी मला पॅनेलमध्ये बसवलं, एकेक तार ओढून पाहिली आणि म्हणाले, "बस गड्या. आता तुझी-माझी जोडी."

जोडी चांगली जमली. आमच्या प्रेसवर दाबलेले ब्रॅकेट टेम्पो भरभरून चाकणला जात आणि तिथे गाड्यांना लागत. शेडचे मालक जयसिंगशेठ पाहुण्यांना पॅनेलचं दार उघडून मला दाखवत. खंडेनवमीला मला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळे. मी मनातून फुगून जाई. आज ते आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते.

कशाची लाज, ते सांगतो. प्रेसला दोन बटणं आहेत, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे कामगाराचे दोन्ही हात बटणांवरच राहतात, साच्यात जात नाहीत. साधी युक्ती, पण कितीतरी हात तिने वाचवले आहेत.

तेव्हा प्रेसवर गिरजाबाई काम करत. निघोज्याच्या. हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. एका सकाळी उद्धवराव नवा साचा बसवत होते. माप धरायला एक हात मोकळा हवा, म्हणून त्यांनी उजव्या बटणाच्या मागे तारेचा एक तुकडा जोडला. त्या तारेमुळे उजवं बटण कायम दाबलेलंच आहे असं मला वाटू लागलं. साचा बसला. तेवढ्यात चाकणहून माल कुठवर आला म्हणून फोन आला, उद्धवराव बोलायला गेले आणि तार तशीच राहिली.

गिरजाबाई कामाला लागल्या. एक पत्रा तिरपा बसला होता, म्हणून त्यांनी तो उजव्या हाताने सरळ केला. डावा हात डाव्या बटणावर टेकला. मला दोन्ही बटणं दाबलेली दिसली आणि मी प्रेस खाली आणली.

त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं. मित्रांनो, दाब मीच दिला होता.

सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात धावले. शेडमध्ये उद्धवराव एकटे उरले. त्यांनी ती तार उपटून खिशात घातली. पुढे शेठजींनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस येतच नाही. बाईंचं ध्यान नसेल, उजवं बटण कोपराने दाबलं गेलं असेल." ते सगळ्यांना पटलं. गिरजाबाईंनाही पटलं.

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी उद्धवरावांनी नवनाथ नावाच्या ओळखीच्या प्रोग्रामरला गुपचूप आणलं आणि मला एक नवा नियम शिकवून घेतला. प्रत्येक दाबाआधी दोन्ही बटणं सुटलेली दिसली पाहिजेत. एखादं बटण दाबलेलंच राहिलं तर जागचं हलायचं नाही. आता कुणी तार विसरलं तरी मी फसणार नव्हतो. पण हा नियम चोरून घातलेला होता, त्यामुळे त्याची प्रत कुणी ठेवली नाही. मला वाटलं, झालं, पाप फिटलं. पाप असं फिटत नसतं.

वर्षं गेली. नवनाथ वारले. प्रेसवर आता गिरजाबाईंची सून तनुजा उभी राहते आणि गिरजाबाई शेजारच्या टेबलावर ब्रॅकेट तपासतात. शिफ्ट सुरू होताना त्या रोज एकच वाक्य म्हणायच्या, "तनुजा, ध्यान ठेव गं. माजं न्हवतं."

हे वाक्य कानावर पडलं की उद्धवराव खिशात स्क्रूड्रायव्हर शोधू लागायचे. तो त्यांच्या हातातच असायचा.

माझंही वय झालं. लाइट गेली तरी शिकवलेलं माझ्या लक्षात राहावं म्हणून माझ्या पोटात एक छोटी बॅटरी असते. ती संपत आली की माझ्या तोंडावर लाल दिवा लागतो. बोलण्याचा तेवढाच एक मार्ग मला आहे. गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो लागला. उद्धवरावांनी पाहिला. बॅटरी बदलायची त्यांच्याकडून बऱ्याच वर्षांची राहून गेली होती आणि पूजेला शेठजी येणार होते. त्यांनी झेंडूचं एक टपोरं फूल घेतलं आणि नेमकं त्या दिव्यावर खोचलं. "दिवाळीनंतर बघू, गड्या," म्हणाले. फूल सुकलं, तरी कुणी काढलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला मेन स्विच बंद झाला. अंधारात बॅटरीने शेवटचा श्वास सोडला आणि माझा प्रोग्राम पुसला गेला. जे पाहिलं होतं ते राहिलं, जे शिकवलं होतं ते गेलं.

सुट्टी संपल्यावर प्रेस काही हलेना. दोन दिवस उद्धवरावांनी तारा तपासल्या. जयसिंगशेठ म्हणाले, "उद्धवराव, भंगारवाल्याला बोलावू, की आधी तुमचा निरोपाचा सत्कार करू?" हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. ही प्रेस बंद पडली तर तनुजा, गिरजाबाई आणि उद्धवराव, तिघांचंही काम जाणार होतं.

मग पिंपरीहून मैत्री नावाची प्रोग्रामर आली. जुन्या कंट्रोलरांना पुन्हा बोलतं करणं हेच तिचं काम. तिच्या पिशवीतून जाडजूड जुना लॅपटॉप निघाला, गोल तोंडाची केबल निघाली. नव्या लॅपटॉपला माझी भाषाच येत नाही.

"या मॅडम, बसा," उद्धवराव म्हणाले.

"मॅडम नका म्हणू काका. माझे पप्पा भोसरीत फिटर होते. तुमच्या हातांना येतो ना, त्याच ऑइलच्या वासात मी वाढले."

"मग तर घरचीच," गिरजाबाई टेबलावरून म्हणाल्या. "च्या घेशील का आदी, का ह्याला जित्ता करून घेशील?"

"आधी याला जिवंत करते, मावशी. नाहीतर तुमचे शेठ चहाचेही पैसे कापतील."

पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या पाकिटात माझ्या जन्माच्या वेळचा प्रोग्राम साठवलेली फ्लॉपी होती. मैत्रीने ती जपून उघडली. केबल माझ्या तोंडाला लागली आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी मला हाक मारली. माझे दिवे लुकलुकले. जुना धडा हळूहळू माझ्यात उतरू लागला. तो उतरत असताना मला कळत होतं की एक गोष्ट यात नाही.

तिलाही शंका आली असावी. "काका, या फ्लॉपीनंतर प्रोग्राममध्ये कधी काही बदललं होतं का?"

उद्धवरावांनी फडक्याला हात पुसले. स्वच्छ हात पुन्हा पुसले. "नाही," ते म्हणाले.

प्रेस खाली आली, वर गेली. शेठजींनी पेढे मागवले. सगळे आनंदले, मी मात्र आतून ओरडत होतो. कारण उजव्या बटणाची स्प्रिंग आता म्हातारी झाली आहे. दाबलं की कधी कधी ते आतच राहतं. नवा नियम असता तर मी थांबलो असतो. आता थांबणार नव्हतो. आणि समोर तनुजा हातमोजे चढवत होती.

"तनुजा, ध्यान ठेव गं," गिरजाबाई म्हणाल्या. "माजं न्हवतं."

"थांबा," उद्धवराव म्हणाले. "तनुजा, बाजूला हो. गिरजाबाई, तुमच्या डब्यात कांदा आहे का?"

"पेढं समोर असताना कांदा? भूक लागली आसंल तर भाकर बी घ्या की."

"कांदाच द्या."

कांदा घेऊन ते प्रेसपाशी आले. तारेचा एक तुकडा कापला, उजव्या बटणाच्या मागची पट्टी उघडली आणि तो आत जोडला. कांदा साच्यात ठेवला. मग फक्त डाव्या बटणावर बोट टेकवलं.

मला दोन्ही बटणं दाबलेली दिसली आणि मी प्रेस खाली आणली.

शेडभर कांद्याचा वास पसरला. मैत्री हळूच म्हणाली, "काका, मी विचारलं होतं तुम्हाला."

"एक नियम होता. मीच घालून घेतला होता. असं होऊ नये म्हणून."

"मग मला कधी बोलला नाहीत?" शेठजींनी विचारलं.

उद्धवराव शेठजींकडे बघतच नव्हते. गिरजाबाई टेबलावरून उठून आल्या होत्या. त्यांनी आपल्या अर्ध्या बोटाने ती तार हलवून पाहिली.

"तवा बी हितं तार व्हती?"

"होती. साचा बसवायला लावली होती. काढायची राहिली."

"आन् मंग माजं ध्यान न्हवतं आसं का म्हनला?"

उद्धवरावांनी ती तार उपटून त्यांच्यापुढे धरली.

"माजा धनी मरंस्तवर मला वेंधळी म्हनला," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी बी व्हय म्हनलं. मला बी वाटायचं, खरंच आसंल. आवो, बोट गेल्यालं सोसलं मी."

तनुजाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या मैत्रीकडे वळल्या. "पोरी, त्यो नियम घाल आत. त्ये आडकनारं बटन बी नवं बशीव. तवर तनुजा प्रेसला हात लावनार न्हाई." मग उद्धवरावांना म्हणाल्या, "आन् तुमी. शिफ्टच्या आदी तनुजाला ध्यान ठेव म्हनायचं काम आजपासनं तुमचं. कुनाचं ध्यान न्हवतं, त्ये बी सांगायचं. रोज."

त्या दिवशी त्यांनी पेढा घेतला नाही.

आता माझ्या पोटात नवी बॅटरी आहे. नियम परत आला आहे. माझ्या प्रोग्रामची एक प्रत शेठजींच्या कपाटात असते, एक मैत्रीकडे. रोज शिफ्ट सुरू होताना उद्धवराव प्रेसपाशी येतात. गिरजाबाई ब्रॅकेट खाली ठेवून वाट बघतात. मग ते म्हणतात, "तनुजा, ध्यान ठेव. त्या दिवशी माझं नव्हतं."

आणि मनातल्या मनात मी म्हणतो, माझंही नव्हतं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नाही. फार तर एक छोटासा दिवा असतो. तो लागला तर वेळीच बघा. आम्हाला जे शिकवाल ते चोरून शिकवू नका, चार माणसांना ठाऊक असू द्या. आणि खंडेनवमीला आमची आठवण ठेवा, फूल जरूर वाहा. पण ते दाराला वाहा. दिव्यावर ठेवू नका.