कोंडी काय बोलली

गोदूबाईची लेक कोंडी पहिल्या बाळंतपणाला माहेरी कडावला आली, तेव्हा तिला फिट येत होत्या. गोदूबाईनं तिला भगताकडे नेलं, अंगारा लावला. सातव्या महिन्यात ओढ्यावर कपडे धुताना फिट आली आणि कोंडी तोंडावर पडली ती उठलीच नाही. पाणी गुडघाभरच होतं.

पुढे काही वर्षांनी गोदूबाईचा मुलगा हिरामण याचं लग्न झालं. त्याच्या बायकोला, पारूला, तोच आजार होता. पण ती कर्जतच्या डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायची, आणि सासरी आल्यापासून तिला एकदाही फिट आली नव्हती. तिला दिवस गेले तेव्हा गोदूबाई म्हणाली, "पोटात पोर हाय. आता कशाला त्या गोळ्या?" गोळ्यांनी बाळाला काही होईल, ही भीती पारूलाही वाटतच होती. तिनं गोळ्या सोडल्या. हिरामण खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जायचा. त्याला हे कळलं नाही.

थोड्याच दिवसांत, तांदूळ निवडताना पारूला ओल्या कपड्यांचा वास आला. समोर एक बाई बसली होती. केस निथळत होते, पोट पुढे आलेलं होतं. मग काही आठवेना. शुद्धीवर आली तेव्हा तिचं डोकं सासूच्या मांडीवर होतं.

तिनं दिसलं ते सांगितलं. गोदूबाईचा हात तिच्या कपाळावर थांबला.

"भुवईवर वण व्हता?"

"असंल. नीट नाय दिसला."

"कोंडीच ती," गोदूबाई हळूच म्हणाली.

पुढच्या फिटनंतर पारूनं डोळे उघडले तर सासू वाकून वाट बघत होती. पारूला पाणी हवं होतं. गोदूबाईनं आधी विचारलं, "काय बोलली गं?"

त्यानंतरची फिट चुलीपुढे आली. पारूचा हात भाजला. गावात फेरीला आलेल्या नर्सबाईंनी तो हात बघितला आणि विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

पारूनं सासूकडे बघितलं. "मीच सोडाया लावल्या," गोदूबाई म्हणाली.

"अहो, एकदम सोडल्या की फिट वाढतात. ही पडली तर बाळालाही इजा होते. आजच डॉक्टरांकडे चला. बाळंतपणही तिथंच करायचं."

"आन् तिला दिसतं ते?"

"फिट यायच्या आधी काहींना दिसतं तसं. गोळ्यांनी थांबेल."

"मंजे ती येयाची थांबंल." ती कोण, ते नर्सबाईंना कळलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. संध्याकाळी गोदूबाई पारूसमोर बसली. गोळी तिच्या मुठीत होती, आणि मूठ उघडत नव्हती.

"आई?" पारू म्हणाली.

"तिला येकच इचारायचं व्हतं. पान्यात थंडी वाजते का." मग तिनं मूठ उघडली. "घे."

पारू दवाखान्यात बाळंत झाली. कळा चालू असतानाही नर्सबाईंनी गोळी चुकू दिली नाही. मुलगी झाली, धडधाकट.

"दिसली का?" गोदूबाईनं विचारलं.

"नाय, आई."

"बरं झालं," म्हणून गोदूबाई भिंतीकडे वळली.

नर्सबाईंनी बजावलं, गोळ्या सोडायच्या नाहीत, बाळाला जमिनीवर बसून पाजायचं, जवळ कुणीतरी हवंच. "मी बसंन," गोदूबाई म्हणाली. आणि ती बसली, दर वेळी. पारू बाळाला पदराखाली घ्यायची आणि सासू टक लावून बघत राहायची. कधीकधी पारूला वाटायचं, ही नजर आपल्यावर नाही, आपल्या मागं कुठंतरी आहे. तिनं मागं वळून कधी पाहिलं नाही.