थोरल्या दिरांचं भाषण आणि गांधीलमाशी

ती चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायची आणि तशी अजिबात घाबरट नव्हती. तावातावाने भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला, तुम्ही चष्मा उलटा घातलाय, हे ती शांतपणे सांगू शकायची. भीती होती ती एकाच गोष्टीची, नांगीवाल्या माशीची.

त्याला कारणही होतं. मागे एकदा दुकानातच मधमाशी मनगटाला डसली आणि बघता बघता तिचा चेहरा सुजला, घसा आवळला, ती काउंटरमागे कोसळली. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. एक इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं, डंख झाला आणि त्रास सुरू झाला की लगेच मांडीत टोचायचं आणि दवाखाना गाठायचा. ते दिसायला जाडसर पेनासारखं होतं, म्हणून ती त्याला पेनच म्हणायची.

सासरी या पेनाने सगळ्यांची फार करमणूक केली.

"आमच्या वेळी नव्हत्या बाई ॲलर्ज्या," थोरल्या जाऊबाई म्हणायच्या. "आम्हाला कामं असायची."

"सगळं मनाचं असतं," थोरले दीर म्हणायचे. "लहानपणी मला तर अख्खं पोळं चावलं होतं. झालं का काही मला?"

यावर सगळे त्यांच्याकडे बघत आणि ती महत्प्रयासाने गप्प बसे.

नवरा स्वभावाने चांगला होता. म्हणजे तो कोणाच्याच बाजूने बोलायचा नाही.

दीर पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा जाऊबाईंनी एका हॉलच्या बागेत जेवण ठेवलं. खुर्च्यांना पांढरी कापडं, मंडपाखाली माईक, पाहुण्यांसाठी सरबत. फोटोत पर्सा वाईट दिसतात म्हणून जाऊबाई त्या गोळा करून आतल्या खोलीत नेत होत्या. हिने आपली दिली नाही, आत औषध आहे म्हणून सांगितलं. पण सासूबाईंना पाणी द्यायला उठली आणि परत येते तो खुर्चीवर पर्स नाही.

"आत ठेवलीय, कुलपात. सुरक्षित आहे," जाऊबाई म्हणाल्या. "किल्ली ह्यांच्या खिशात."

आणि 'हे', म्हणजे थोरले दीर, तर माईकसमोर उभे राहिले होते.

भाषणाला सुरुवात झाली. शेजारच्या बाईंनी अर्धं सरबत पिऊन पेला टेबलावर ठेवला, त्यावर एक गांधीलमाशी घिरट्या घालू लागली. ही उठून लांब जाणार, तेवढ्यात बाईंनी मदत म्हणून रुमाल फटकारला. माशी थेट हिच्या मानेवर आली आणि डसली.

आधी तळहात खाजू लागले. मग कान तापले, ओठ जड झाला. घशात कोणीतरी बोळा कोंबावा तसं वाटू लागलं.

"ताई, मला माशी चावलीय. किल्ली हवीय."

जाऊबाईंनी नवऱ्यावरची नजर काढली नाही. "थांब ना जरा. अजून बालपणच चाललंय. निदान नोकरीला तरी लागू देत."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो अर्धवट उठला. माईकवरून मोठ्या भावाने डोळे वटारले, तशी त्याने खुर्चीला पुन्हा पाठ टेकवली. "दोनच मिनिटं," तो पुटपुटला.

ती उठली आणि सरळ माईककडे चालू लागली.

"या आमच्या धाकट्या भावजय," दीर सद्गदित होऊन म्हणाले. "भावना आवरल्या नाहीत त्यांना."

तिने त्यांच्या पँटच्या खिशात हात घातला. रुमाल निघाला, तो तिने खाली टाकला. दुसऱ्या खिशात हात घातला. समोर काट्या-चमच्यांचा आवाजसुद्धा थांबला.

"काय करतेयस तू?" हे माईकवरून बागभर ऐकू गेलं.

"तुमचं चालू द्या, भाऊजी," तिचा घोगरा आवाजही बागभर गेला. तोवर किल्ली हाताला लागली होती.

खोलीत पर्सांचा ढीग होता. तिची तळाशी होती. तिने पेन काढलं, टोपण उडवलं आणि कपड्यावरूनच मांडीत दाबून धरलं. मग जमिनीवर आडवी झाली. दारात गर्दी जमली. कोणी कांदा चोळा म्हणालं, कोणी लोखंड. एका काकांना माशी नर होती की मादी हे जाणून घ्यायचं होतं. त्या सगळ्यांना बाजूला सारत नवरा आत आला, तिला उचललं आणि गाडीकडे धावला.

दवाखान्यात आणखी एक इंजेक्शन द्यावं लागलं. श्वास मोकळा झाल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, "हे तुम्हाला वापरता येतं?"

"तिला येतं ना."

"आणि त्या बेशुद्ध पडल्या तर?"

डॉक्टरांनी सरावाचं, बिनसुईचं पेन त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटं धरून जोरात दाबलं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता तुमचा अंगठा तेवढा वाचला असता."

सुजलेल्या ओठाने ती हसली. दुखलं, तरी हसली.

तेवढ्यात नवऱ्याला थोरल्या भावाचा फोन आला. दवाखान्याच्या त्या शांत खोलीत पलीकडचं सगळं तिलाही ऐकू येत होतं. लोक विचारतायत, खिशातून काय काढलं ते. तिने जरा खुलासा करायला हवा. भाषण अर्धवट राहिलं ते वेगळंच.

"दादा, ती मेली असती," नवरा म्हणाला.

"असं अभद्र बोलू नये."

"मेली असती. वहिनीने पर्स उचलली आणि मी बसून राहिलो." त्याने फोन ठेवला आणि स्वतःच दचकला. "जास्त बोललो का?"

"उशिरा बोललास," ती म्हणाली. "पेन सरळ धर आता."

दीर पुढे कित्येक महिने तिच्याशी बोलले नाहीत. ही शिक्षा होती, असं तिला नंतर कळलं. तिला तर सुट्टी वाटत होती. जाऊबाई मात्र चारचौघांत आवर्जून हा किस्सा सांगतात. धाकटीला केवढी भयंकर ॲलर्जी, एक माशी म्हणजे जिवाशी गाठ. "बरं झालं मी तिचं औषध कुलपात नीट जपून ठेवलं होतं," त्या म्हणतात, "नाहीतर ऐन वेळी कुठे शोधलं असतं?"